सगळं हिरवं, तरी गाडी उजवीकडे

गाडीचं ‘खालचं काम’ नुकतंच करून घेतलेला माणूस लांबून ओळखू येतो. रस्ता जरा मोकळा मिळाला की तो स्टेअरिंगवरचे दोन्ही हात इंचभर वर उचलतो, मान ताठ करतो आणि श्वास रोखून समोर बघत राहतो. शेजारच्या सीटवरची बायको दारावरचं हँडल धरते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा विसरतो. मग हा गृहस्थ हळूच हात टेकवतो आणि उसासा टाकून म्हणतो, “ओढतेय.”

यावर कुणीही पहिला प्रश्न विचारतो तो “कुठल्या बाजूला?” आणि दुसरा, “काम कुठं केलंत?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काहीही दिलं तरी “अरेरे, आधी विचारायचं ना!” हेच ऐकायला मिळतं. खरा प्रश्न “कधी ओढते?” हा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर संशय ब्रेकच्या कॅलिपरवर, नाहीतर आर्मच्या बुशवर. वळणावरून बाहेर पडल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येत नसेल तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम बसलंय का, किंवा नवा बॉल जॉइंट अडतोय का, ते बघायचं. गाडी नाकासमोर चालते पण स्टेअरिंगवरचा कंपनीचा बिल्ला तिरपा दिसतोय, तर दोन्ही टायरॉड कमीजास्त फिरलेत. फार घाबरायचं कारण नाही. आणि हात सोडले की ब्रेक नाही, रेस नाही, नुसतीच शांतपणे एका बाजूला निघून जात असेल तर मात्र बसा, चहा सांगा. काम लांबणार आहे.

नवे पार्ट घातल्यावर गाडी वाकडी चालते, याचं लोकांना फार वाईट वाटतं. ते साहजिक आहे. आधी खड्ड्यात गेली की खालून कटकट, खडखड, कधी एकदम ‘धाड’ असे आवाज यायचे, पण जायची सरळ. आता लोअर आर्म नवे, लिंक रॉड नवे, टायरॉड एंड नवे, पुढचे दोन्ही शॉकअप नवे. बिल वाचताना दम लागतो. पूर्वी गाडी नुसती बोलायची, आता गप्प बसून मनाचं करते.

कारण तसं साधं आहे. आर्मचा बुश झिजत जातो तसं चाक आपली जागा सोडतं. आपण अधूनमधून अलाइनमेंट करून घेतो, तेव्हा तो पोरगा टायरॉड फिरवून त्या झिजेसकट चाक सरळ करून देतो. म्हणजे सगळं सेटिंग झिजेच्या मापानं शिवलेलं असतं. नवा बुश आला, झीज गेली, माप मात्र जुनंच राहिलं. म्हणून खालचं काम झालं की अलाइनमेंट करावीच लागते, हे गॅरेजवाला सांगतो ते खरं आहे. फक्त तो ते अशा सुरात सांगतो की आपल्या हातून जे काही बिघडलं असेल तेही अलाइनमेंटवाला निस्तरेल.

आणि हातून बिघडायला वाव भरपूर. सर्वांत सर्रास चालणारा प्रकार म्हणजे गाडी जॅकवर लटकलेली असतानाच आर्मचे बोल्ट पिळून टाइट करणे. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना नळी आवळली की रबर त्या अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, गाडी किंचित उंच उभी राहते आणि नवाकोरा बुश फार लवकर फाटतो. बोल्ट नुसते हातानं लावून घ्यायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग आवळायचे, ही खरी रीत. पण त्यासाठी गाडीखाली पुन्हा झोपावं लागतं. “तेवढं कोण करतं, साहेब?” हे वाक्य आपल्याकडच्या सगळ्या धंद्यांचं ब्रीदवाक्य व्हायला हरकत नाही.

शॉकअपचा पाय चाकाच्या नकलला ज्या दोन बोल्टांनी धरतो, त्या भोकांतही थोडी ढील असते. आवळताना चाकाचा वरचा भाग बाहेर रेलला होता की आत, एवढ्यावरही चाकाचा कल बदलतो. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या खाचेत बसलं नाही तर एक बाजू उंच राहते आणि स्टेअरिंग फिरवलं की खालून ‘टुंग’ असा आवाज येतो. गाडीत गाणी मोठ्यानं लावायची सवय असेल तर तोही ऐकू येत नाही.

तर, माझ्या मेव्हण्यांची गाडी उजवीकडे ओढू लागली. मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. पुण्यात राहतात, आणि नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात उभं राहून घासाघीस करणं हा त्यांच्या आयुष्यातला मोठा आनंद. पार्ट त्यांनी स्वतः निवडले होते. त्यामुळे पार्टमध्ये दोष असणं शक्यच नव्हतं.

आरोपांची साखळी मोठी सुबक होती. मेव्हण्यांच्या मते मेकॅनिकचा हात जड. मेकॅनिक म्हणाला, “फिटिंग चोख आहे दादा, तुम्ही आणलेला मालच लोकल.” दुकानदारानं डबा उलटासुलटा करून होलोग्राम दाखवला आणि म्हणाला, “माल कंपनीचा आहे, अलाइनमेंट नीट करा.” अलाइनमेंटवाल्यानं टायरला बोट लावलं. टायर ज्या दुकानातून घेतले तिथल्या माणसानं दारात येऊन रस्त्याकडे बोट केलं. रस्त्यानं काही उत्तर दिलं नाही, हे त्याचं मोठेपण.

वाहनाच्या जगात श्रेय आणि दोष चुकीच्या पत्त्यावर जाणं तसं जुनंच आहे. वळताना आतल्या चाकानं बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावं अशी सोय म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्यानं केली. १८१८ साली त्याच्यातर्फे लंडनमध्ये पेटंट काढलं आकरमान नावाच्या, पुस्तकं आणि चित्रं छापून विकणाऱ्या माणसानं. आज जगभर इंजिनियरिंगची पोरं ‘आकरमान भूमिती’ पाठ करतात. बग्गीवाला गेला वाऱ्यावर.

अलाइनमेंटच्या दुकानात मी मेव्हण्यांबरोबर गेलो होतो. हल्लीचं मशिन बघण्यासारखं असतं. चारही चाकांना पंजे लावून त्यावर ठिपक्यांच्या पाट्या बसवतात, समोरच्या खांबावरचे कॅमेरे त्या पाट्या न्याहाळतात, मग गाडी हातभर मागे-पुढे ढकलायची. ही ढकलाढकली महत्त्वाची. खड्ड्यात रिम वाकलेली असेल तर तेवढ्यानंच तिचा वाकडेपणा हिशेबातून वजा होतो. तिथल्या मुलानं ती केली, पण एका हातानं, कारण दुसऱ्या हातात फोन होता. टायरॉडचे चेकनट ढिले केले, रॉड फिरवले, पडद्यावर लाल आकडे एकेक करून हिरवे झाले. प्रिंट निघाला.

हा प्रिंट म्हणजे गाडीची पत्रिकाच. तीच अंश-मिनिटांची भाषा, तशीच घरं, आणि समजो न समजो, यजमानानं गंभीर चेहरा करून मान डोलावण्याची तीच पद्धत. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक आत झुकलंय की बाहेर. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे किती रेललाय. टो म्हणजे वरून बघताना दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की एकमेकांपासून फिरलेली. मेव्हण्यांच्या पत्रिकेत सगळी घरं हिरवी होती. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेत म्हटल्यावर नवरा-नवरीचं पटत नाही असं कुठल्या तोंडानं सांगणार? मुलगा म्हणाला, “ओके आहे काका, एकदम ओके.” आम्ही बाहेर पडलो आणि पहिल्याच मोकळ्या जागी मेव्हण्यांनी हात उचलले. गाडी उजवीकडे.

इथं एक गैरसमज मोडायला हवा, कारण तो फार पैसे खातो. आपल्याकडे अलाइनमेंट म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या चाकांचा टो. छोट्या गाड्यांत तेवढंच एक फिरवता येतं. पण पुढचा टो गाडीला सहसा एका बाजूला ओढत नाही. दोन्ही चाकं चालता चालता तो फरक आपसात वाटून घेतात. टो चुकला तर स्टेअरिंग वाकडं होतं आणि टायर खाल्लं जातं. किती, ते ऐका. प्रत्येक चाक फक्त १० मिनिटं तिरकं असेल, म्हणजे एका अंशाचा सहावा भाग, तर किलोमीटरमागे ते सुमारे ३ मीटर आडवं घासलं जातं. पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत तुमचं टायर साडेसहाशे मीटरच्या वर बाजूला चालून आलेलं असतं, तांबड्या रश्श्याच्या वासानं ते तुमच्या लक्षात येत नाही एवढंच. ओढण्याचं खातं मात्र कॅम्बर आणि कॅस्टरकडे. ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर झुकलेलं, गाडी त्या बाजूला जाते; ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला जाते. हे दोन्ही कोन आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये कुठलाही नट फिरवून बदलत नाहीत. म्हणून मशिनवाले ते बघतात, हिरवं आहे ना म्हणतात आणि पुढची गाडी घेतात.

मेव्हण्यांच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात अजून सहा इंची स्टीलची पट्टी असते. कुणी पेढा दिला तरी आधी मापून घेतील असं वाटतं. त्यांनी सगळी कथा ऐकली, प्रिंट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “डिकी उघडा.”

डिकीत गच्चीवरच्या बागेसाठी आणलेली खताची पोती होती, कोकोपीटच्या विटा होत्या, एक कुंडी होती आणि बाथरूमच्या कामातून उरलेल्या फरशा होत्या. बागेचा संकल्प होऊन बराच काळ लोटला असावा, कारण एका पोत्याला कोंब फुटला होता.

“हे सगळं घेऊन अलाइनमेंटला गेला होतात?”

“काका, वजन मागे आहे, ओढतंय पुढे,” मेव्हणे म्हणाले.

काकांनी या विधानाला उत्तर दिलं नाही. डिकी रिकामी झाली. मग त्यांनी स्वतःच्या गेजनं चारही चाकांची हवा बघितली. पुढच्या उजव्यात तीन पौंड कमी निघाली आणि मेव्हण्यांचा चेहरा उजळला, कारण ज्या चाकात हवा कमी त्या बाजूला गाडी जाते हे त्यांनाही ठाऊक होतं. हवा सारखी केली. गाडी उजवीकडेच गेली, आता थोडी आळसात. मग पुढची दोन टायरं आपसात बदलली. टायरच्या आतल्या पट्ट्यांची बांधणी किंचित एकीकडे झुकलेली असेल तर नवं टायरसुद्धा गाडी ओढतं, आणि डावं-उजवं बदललं की ओढही बाजू बदलते. इथं बदलली नाही. टायर निर्दोष सुटलं. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत पट्टी लावली, दोन्हीकडे सारखं. स्प्रिंगही सुटली. काका एकेक साक्षीदार घरी पाठवत होते आणि मेव्हणे अस्वस्थ होत होते. आशेची जागा कमी कमी होत चालली होती.

“रस्त्याचा उतारही असू शकतो,” मी आपलं सुचवलं.

“रस्ता कुठल्या बाजूला उतरतो?” काकांनी विचारलं. “आपण डावीकडून चालवतो. पाणी गटाराकडे जावं म्हणून रस्ता डावीकडे उतरता करतात. रस्ता डावीकडे उतरतोय आणि ही बया उजवीकडे चढतेय. रस्त्याला यात ओढू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये ओळंबा आला. गवंड्याचा असतो तो, पितळी, सुतळीला लटकवलेला. पार्किंगची जमीन गटाराकडे उतरती होती. काकांनी पाण्याच्या पारदर्शक नळीनं ती तपासली आणि दोन चाकांखाली मेव्हण्यांच्याच डिकीतल्या फरशा सरकवल्या. त्या फरशांना आयुष्यात पहिल्यांदा काही अर्थ आला. मडगार्डवरून दोरा सोडला. ओळंबा स्थिर व्हायची वाट बघत सगळे गप्प उभे. वॉचमननंसुद्धा रेडिओ बंद केला. मग काका गुडघ्यावर बसले, दोऱ्यापासून रिमच्या वरच्या आणि खालच्या काठापर्यंत पट्टीनं अंतर मोजलं, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा मोजलं. डावीकडे रिमचा खालचा काठ दोन मिलिमीटरच्या जरा वर बाहेर. उजवीकडे तेवढाच आत.

“सारखंच,” काका म्हणाले, “पण उलटं.” इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आता प्रिंट बाहेर आला. डावा कॅम्बर उणे २० मिनिटं, उजवा अधिक २० मिनिटं. परवानगी दोन्ही बाजूंना एकेक अंशाची. म्हणून दोघेही हिरवे, दोघेही पास. पण दोघांत ४० मिनिटांचं अंतर, आणि गाडीला ओढ लागते ती अंतरामुळे. अशा बऱ्याच प्रिंटांवर ‘क्रॉस कॅम्बर’ नावाची एक ओळ असते. या प्रिंटवरही होती. पानाच्या अगदी तळाशी.

“दोष एका चाकाचा असता,” काका मेव्हण्यांना सांगत होते, “तर एकच आकडा बिघडला असता. शॉकअप वाकला, नकल वाकलं, तर त्याच बाजूला दिसतं. इथं दोन्ही चाकं खालून एकाच दिशेला, डावीकडे सरकलीत. दोन्ही आर्म ज्याला धरलेत ते काय?”

मेव्हणे विचार करू लागले. मी गाडीखाली वाकून बघितलं, काही कळल्यासारखं.

“सबफ्रेम!” काकांनीच उत्तर दिलं. मग मेव्हण्यांना मॅकफर्सनचा इतिहास ऐकावा लागला. ॲम्बेसिडरला पुढे टॉर्शन बार होते, पद्मिनीला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म आणि मध्ये स्प्रिंग, ग्रीस भरता भरता माणूस म्हातारा व्हायचा. अर्ल मॅकफर्सननं वरचा आर्मच काढून टाकला आणि शॉकअपलाच खांब केलं. जनरल मोटर्समध्ये कॅडेट नावाच्या छोट्या गाडीवर तो काम करत होता, कंपनीनं ती गाडीच गुंडाळली, म्हणून गडी फोर्डकडे गेला आणि १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरला तोच खांब लागला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती पुढे हीच रचना घेऊन. कमी जागा, कमी पार्ट, स्वस्त. “पण खांबाचं वरचं टोक बॉडीत आणि खालचं आर्मवर. खालचं तीन-साडेतीन मिलिमीटर सरकलं की वीसेक मिनिटं गेलीच,” काका म्हणाले. हा हिशेब त्यांनी वहीत करून दाखवला. मेव्हण्यांनी तो तपासला नाही. त्यांनी वहीचा फोटो काढला, मेकॅनिकला दाखवायला.

मेकॅनिकनं फोटो मोठा करून बघितला. “सबफ्रेम खाली घ्यावीच लागते काका, नाहीतर आर्मचा मागचा बोल्ट निघत नाही या गाडीत.”

“घे की. पण वर लावताना मार्क केला होतास?”

यावर गॅरेजमध्ये अचानक सगळ्यांना कामं आठवली. पोरगा चहाचे ग्लास गोळा करू लागला.

गाडी रॅम्पवर गेली. काकांनी टॉर्च मारला. सबफ्रेमच्या बोल्टची भोकं बोल्टपेक्षा जरा मोठी असतात, कारखान्यात जुळवायला सोपं जावं म्हणून. वायसरच्या एका कडेला, वर्षानुवर्षं ज्या जागी तो बसला होता तिथला मूळ काळा रंग चंद्रकोरीएवढा उघडा पडला होता. बाकी सगळीकडे चिखल आणि गंज, मध्येच ती काळीभोर कोर. मेकॅनिकनं बोटानं ती पुसली, बोटाकडे बघितलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “टॉमी दे रे.”

पुढचं काम पंधरा मिनिटांचं. बोल्ट ढिले, टॉमीनं सबफ्रेम उजवीकडे रेटली, जुळवणीच्या भोकातून सरळ सळई घालून बघितली, कोर वायसरखाली गेली, बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. आर्मचे बोल्टही गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळून घेतले. काका उभेच होते ना शेजारी. मग परत अलाइनमेंट, कारण सबफ्रेम हलली की टो पुन्हा बघावाच लागतो. डिकी रिकामी, हवा सारखी. या वेळी मुलानं दोन्ही हातांनी गाडी ढकलली. कॅम्बर दोन्हीकडे जवळपास शून्य. तो प्रिंटही हिरवाच होता. रंगावरून दोन्हींत काडीचा फरक दिसत नव्हता.

ट्रायलला आम्ही हायवेवर गेलो. मेव्हण्यांनी हात उचलले. गाडी सरळ गेली, मग खूप पुढे गेल्यावर, अगदी हलकेच, डावीकडे कलली.

“दाजी, आता डावीकडे जातेय!”

“तो रस्ता,” मागच्या सीटवरून काका डोळे मिटूनच म्हणाले. “पाण्याचा उतार. आता ती बरोबर चाललीय.”

मेव्हण्यांनी वळून परतीच्या बाजूनं ट्रायल घेतली. तिथंही डावीकडे. डाव्या लेनमधून घेतली, उजव्या लेनमधून घेतली. काकांना घोरण्याइतकी झोप लागली. घरी येईपर्यंत मेव्हण्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि रात्री त्यांचा फोन आला. पुण्यातल्या रस्त्यांचा उतार नेमका किती ठेवायचा हे महापालिकेत कोण ठरवतं, आणि तिथं आपल्या ओळखीचं कुणी आहे का, याची त्यांना चौकशी करायची होती.